वाकडा दिसणारा, सरळ बसणारा केक

भाकरी थापता थापता ऐकत असाल तर तशाच ऐका. मापं सांगायची वेळ आली की मी आधी सांगेन, तेव्हा हात पुसून कागद-पेन घ्या.

घरी केक करून विकणाऱ्या आपल्यातल्या बहुतेकींना हा अनुभव आला असेल. गिऱ्हाईक येतं, मोबाईल पुढं करतं आणि म्हणतं, “असाच पाहिजे.” फोटोत असतो दोन किंवा तीन मजली केक. खालचा मजला डावीकडं उतरलेला, वरचा उजवीकडं कललेला, आता पडतो का मग पडतो असा. परदेशात याला टॉप्सी-टर्व्ही म्हणतात. कुणी मॅड हॅटर केकही म्हणतात, ‘ॲलिस इन वंडरलँड’ या गोष्टीतल्या वेड्या टोपीवाल्याच्या नावावरून. आपल्याकडं गिऱ्हाईक सरळ ‘वाकडा केक’ म्हणतं. आपणही तेच म्हणू.

आमचा गट सांगोल्याकडचा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये बेकऱ्या बंद होत्या, तेव्हा पोरांचे वाढदिवस घरच्या केकवर निघाले. त्यातून आम्ही पाचजणींनी हे काम धरलं. अर्धा किलो, एक किलो, फार तर दोन किलोचा गोल केक. हात बसला होता. मग एका मे महिन्यात तालुक्याच्या गावातून वाकड्या केकची ऑर्डर आली, नातवाचा पहिला वाढदिवस. मी फोटो बघितला आणि “होईल की” म्हणाले. तिथंच चुकलं.

मी काय केलं ते सांगते, म्हणजे तुम्ही ते करणार नाही. नेहमीचा मऊ स्पंज भाजला, नेहमीचं व्हिपिंग क्रीम लावलं. खालच्या केकवर एका बाजूला केकचाच पाचरीसारखा तुकडा ठेवला आणि त्या उतारावर वरचा केक बसवला. म्हणजे खरोखरच वाकडा. घरात पंख्याखाली तो अर्धा तास उभा राहिला, आम्ही सगळ्यांनी फोटो काढले. मग छोट्या गाडीत मागं बसून खोका मांडीवर घेतला. चौदा किलोमीटरचा रस्ता, ऊन भाजत होतं. दुसरा गतिरोधक ओलांडला आणि मांडीवरचा खोका एका अंगाला जड झाला. बघायची गरजच नव्हती, कळलंच. उघडून बघितलं तर वरचा मजला खालच्यात रुतला होता आणि घसरून पुठ्ठ्याला टेकला होता. क्रीम चपलेपर्यंत आलं होतं.

त्या घरच्या आजींनी मला पाणी दिलं, चहा दिला. काही बोलल्या नाहीत. तेच जास्त लागलं. आगाऊ घेतलेले पाचशे रुपये मी परत केले. बाकीचे मिळणार नव्हतेच. गटाच्या बैठकीत मग विषय निघाला, नुकसान कुणाचं धरायचं? माझं एकटीचं की गटाचं? एक म्हणाली, ऑर्डर तू घेतलीस. दुसरी म्हणाली, फोटो तर सगळ्यांनी काढले. शेवटी गटाच्या वहीत लिहिलं गेलं, पण वाकड्या केकचं नाव पुढं आठ महिने कुणी काढलं नाही.

उलगडा झाला तो आमच्या सुतारकाकांकडं. केकखाली ठेवायला प्लायवूडची गोल पाटी कापून घ्यायला गेले होते. बोलता बोलता सगळं सांगितलं. ते रंधा मारता मारता म्हणाले, “वरच्या मजल्याचं वजन कुणावर होतं?”

म्हटलं, “खालच्या केकवर.”

“आणि खालचा केक कशाचा?”

मला हसूच आलं. ते म्हणाले, “माळा घालताना आपण भिंतीच्या मातीवर घालतो का? खांब देतो ना?”

वाकड्या केकचं सगळं गुपित एवढ्यातच आहे. तो वाकडा दिसतो, पण वाकडा बसवलेला नसतो. वरचा मजला जिथं टेकतो ती जागा आतून सपाट असते. त्याचं वजन केकवर येत नाही, केकच्या पोटात उभ्या केलेल्या काड्यांवर येतं. उतार असतो तो फक्त भोवतालच्या कडेला, डोळ्याला दिसेल तेवढा. डोईवर हंडा घेतलेली बाई आठवा. हंड्याचं बूड गोल, डोकं गोल, तरी हंडा पडत नाही, कारण मध्ये चुंबळ असते. चुंबळीनं हंड्याला बसायला जागा केलेली असते. आपल्याला केकमध्ये ती जागा कोरून करायची आहे.

केक करायच्या आधी एकदा दुधी भोपळ्यावर हात बसवा. चार बोटं उंचीचा तुकडा दोन्हीकडून सपाट कापा आणि ताटात उभा करा. आता सुरी डाव्या बाजूला वरच्या कडेपासून एक बोट खाली लावा आणि तिरकी चालवत उजव्या बाजूला अगदी वरच्या कडेला बाहेर काढा. एक पाचर सुटेल, डावीकडं जाड, उजवीकडं पातळ. ती उचला, गोल फिरवून जाड बाजू उजवीकडं आणा आणि पुन्हा तिथंच ठेवा. डावी बाजू एक बोट खाली गेली, उजवी एक बोट वर आली. कापलं एकच बोट, पण उतार दोन बोटांचा झाला. काही वाया गेलं नाही, काही नवं लागलं नाही. हे एकदा हातानं केलं की पुढचं सगळं सोपं वाटतं. भोपळ्याची मग भाजी होतेच.

आता केकचं सांगते. आपला नेहमीचा स्पंज यासाठी चालत नाही. तो कोरताना भुगा होतो आणि उतारावर ढासळतो. घट्ट विणीचा केक पाहिजे. पाउंड केक त्याला उत्तम. त्याचं माप लक्षात ठेवायला फार सोपं आहे, चारही वस्तू सारख्या वजनाच्या. घ्या कागद-पेन.

लोणी म्हणजे बटर २५० ग्रॅम, दळलेली साखर २५० ग्रॅम, मैदा २५० ग्रॅम आणि अंडी पाच. मध्यम आकाराची पाच अंडी फोडल्यावर साधारण तेवढीच भरतात. बेकिंग पावडर एक सपाट चहाचा चमचा, व्हॅनिला एक चमचा. बटर खारं असेल तर वेगळं मीठ घालू नका. बटर आणि साखर पांढरी, हलकी होईपर्यंत फेटायची. इथं आळस केला तर केक दगड होतो. मग एकेक अंडं घालून फेटायचं. मिश्रण फाटल्यासारखं दिसलं तर घाबरू नका, त्यात चमचाभर मैदा घाला. शेवटी चाळलेला मैदा हलक्या हातानं मिसळायचा. हे एक घाण झालं. आठ इंची डब्यात ते सव्वादोन, अडीच इंचापर्यंत फुगतं.

अंडं नको असेल, श्रावणात तर नकोच असतं, तर कंडेन्स्ड मिल्कचा केकही बऱ्यापैकी घट्ट होतो. ४०० ग्रॅमचा एक डबा, मैदा २५० ग्रॅम, बटर १०० ग्रॅम, बेकिंग पावडर एक चमचा, खायचा सोडा अर्धा चमचा आणि साधारण २०० मिलिलिटर दूध. दही-तेलाचा केक चवीला छान असतो, पण तो या कामाला घेऊ नका, मऊ पडतो. गिऱ्हाइकाला मात्र अंड्याचा की बिनअंड्याचा ते स्पष्ट विचारा आणि खोक्यावर लिहा. यात गफलत झाली तर ती पैसे परत देऊन भरून निघत नाही.

पहिल्यांदा दोनच मजले करा. खालचा आठ इंची, वरचा पाच इंची. आठ आणि सहा का नाही? कारण खालच्या मजल्यात आपण वरच्यासाठी खळगा कोरणार. पाच इंची खळगा कोरला की भोवती दीड इंच जाड भिंत उरते. सहाचा कोरला तर एकच इंच उरते आणि उंच बाजूची भिंत फुटते. हे मी एक केक फोडून शिकले. तीन मजली करायची वेळ आली तर दहा, सात, चार असे तीन-तीन इंचांनी उतरा.

खालच्या मजल्याला दोन पूर्ण घाणे लागतात आणि वरच्याला पाऊण. ओव्हन असेल त्यांनी १६० अंशांवर तास ते सव्वा तास भाजा. ओव्हन नसेल तर जाड बुडाचं मोठं पातेलं घ्या. तळाशी मिठाचा किंवा स्वच्छ वाळूचा थर द्या, त्यावर तिवई किंवा वाटी उपडी ठेवा. झाकण लावून दहा मिनिटं तापवा, मग डबा आत ठेवून मंद आचेवर तेवढाच वेळ. पाच इंची डबा कुकरमध्ये बसतो, पण कुकरची रबर आणि शिट्टी दोन्ही काढायचं आणि आत पाणी घालायचं नाही, हे नव्या मुलींना बजावून सांगा. पहिली चाळीस मिनिटं झाकण उघडायचं नाही. मधोमध घातलेली काडी कोरडी निघाली की झाला.

भाजलेला केक पूर्ण गार झाला की प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचा. कोमट केकला सुरी लावलीत तर तो बदला घेतो. म्हणून या कामाला तीन दिवस धरा. पहिल्या दिवशी भाजणं, दुसऱ्या दिवशी कोरणं आणि लिंपणं, तिसऱ्या दिवशी सजवणं आणि पोचवणं. “उद्या पाहिजे” म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला साधा गोल केक द्या.

लिंपायला क्रीम नको, गनाश घ्या. गनाश म्हणजे चॉकलेट आणि क्रीम वितळवून केलेलं लिंपण. डार्क कंपाउंड चॉकलेट ६०० ग्रॅम असेल तर पाकिटातलं साधं फ्रेश क्रीम ३०० ग्रॅम, म्हणजे दोनास एक. पांढरं चॉकलेट घेतलं तर तीनास एक, कारण ते मुळातच मऊ राहतं. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये तर मी डार्कलासुद्धा क्रीम थोडं कमीच करते. क्रीम गरम करायचं, उकळी फुटू द्यायची नाही, बारीक केलेल्या चॉकलेटवर ओतायचं, दोन मिनिटं थांबून ढवळायचं. गार झाल्यावर ते लोण्यासारखं लागतं आणि सुकल्यावर केकभोवती कवच धरतं. आपल्या भिंतीच्या गिलाव्यासारखं. आमच्या दोन मजल्यांना लिंपायला आणि मध्ये भरायला मिळून ९०० ग्रॅम कंपाउंड लागतं.

आता कोरणं. आठ इंची दोन केक मधून चिरा, म्हणजे चार चकत्या होतील. पातळ गनाश लावून एकावर एक रचा. उंची पाच इंचांच्या आसपास भरेल. तासभर गार करा. मग भोपळ्यावर केलं तेच. एका बाजूनं एक इंच खाली सुरी लावून तिरकी पाचर काढा, फिरवा, गनाशनं चिकटवा. एक बाजू चार इंच राहिली, दुसरी सहा झाली.

पाच इंची पुठ्ठ्याची गोल चकती त्या उतारावर मधोमध ठेवा आणि सुरीच्या टोकानं भोवती रेघ ओढा. रेघ किंचित मोठी ओढा, पाव इंचानं, कारण वरच्या मजल्यावर लिंपण चढून तो जाड होणार आहे. आता त्या गोलाच्या आतला केक कोरून काढायचा. खालच्या बाजूला थोडासाच, पाव इंचभर. उंच बाजूला दीड इंचापर्यंत. खळग्याचा तळ सपाट झाला पाहिजे. तळ जमला का ते कसं बघायचं? गवंड्याची पाणसळ असेल तर उत्तम. नसेल तर खळग्यात पुठ्ठ्याची चकती ठेवा, तिच्यावर सपाट बुडाची छोटी ताटली ठेवा आणि ताटलीत दोन चमचे पाणी घाला. पाणी एका बाजूला धावलं तर त्या बाजूला उंचवटा द्यायचा. आम्ही अजून असंच बघतो. कोरलेला केक फेकू नका. उरलेल्या गनाशमध्ये मळून त्याचे लाडू वळा. आमच्याकडं पोरं केकपेक्षा त्या लाडवांचीच वाट बघत बसतात.

खळगा आणि बाहेरची बाजू गनाशनं लिंपून घ्या आणि मग काड्या. या कामातला जीव इथं आहे, म्हणून सावकाश सांगते. दुकानात खाण्याच्या कामाच्या बांबूच्या जाड काड्या मिळतात, त्या घ्यायच्या. जाड प्लॅस्टिकच्या नळ्याही चालतात. खराट्याची काडी नको, रंग दिलेली काठी नको, शेतातून तोडलेला ओला बांबू नको. वापरायच्या आधी काड्या गरम पाण्यातून काढून कोरड्या करा.

एक काडी खळग्यात उभी खुपसा, खालच्या पाटीला टेकेपर्यंत. तळाच्या पातळीला पेन्सिलीनं खूण करा. बाहेर काढा, कापा. आता आणखी तीन काड्या तिच्याच मापानं कापायच्या. प्रत्येक काडी आपापल्या जागी मोजून कापायची नाही, हे फार महत्त्वाचं आहे. तळ थोडा वरखाली असतोच. प्रत्येक काडी वेगळी मोजली तर तो वरखालीपणा काड्यांतही उतरतो. चारही काड्या एका मापाच्या असल्या की त्यांच्यावरची चकती आपोआप सपाट बसते, मग केक कसाही असो. चौकोनी पाटाच्या चार पायांसारख्या त्या खळग्याच्या कडेपासून अर्धा इंच आत रोवा.

वरचा पाच इंची मजला असाच करायचा. त्याच्या खाली त्याच्याच मापाची पुठ्ठ्याची चकती हवी, गनाशनं चिकटवलेली. चकतीशिवाय काड्या थेट केकमध्ये घुसतील आणि सगळी मेहनत वाया जाईल. चकतीला मधोमध एक भोक आधीच पाडून ठेवा. त्याला उतार द्यायचा तो मात्र उलट्या बाजूला. खालचा डावीकडं उतरत असेल तर वरचा उजवीकडं. हात बसल्यावर दोन्ही मजले तळाशी थोडे निमुळते तासायचे, खाली एक इंच कमी. कुंडीसारखा आकार आला की केक आणखी डुलल्यासारखा दिसतो. पहिल्या वेळी ते राहू द्या.

फॉन्डंट म्हणजे साखरेचं मळलेलं पीठ. ते लाटून केकवर चादरीसारखं घालायचं. पुरणाच्या पोळीला जपणारा हात इथं चांगला कामाला येतो. आमच्या गटातल्या सगळ्यांत वयस्कर काकू शाळेत गेलेल्या नाहीत, पण फॉन्डंट त्यांच्याइतकं सारखं कुणी लाटत नाही. खाली कॉर्नफ्लोअर भुरभुरवा, दोन-तीन मिलिमीटर जाडीचं लाटा. उतारावर घालताना आधी खळग्यात बोटांनी बसवा, मग बाजू सोडा. उलट केलं तर खळग्याच्या काठावर फाटतं. दोन्ही मजल्यांना मिळून सव्वा किलो लागतं. पावसाळ्यात हे पीठ चिकट होतं. फ्रीजमधून काढलेल्या केकवर घामासारखे थेंब येतात. ते पुसायचे नाहीत, हात लावायचा नाही, पंखा लावून वाट बघायची. कोकणातल्या मैत्रिणींनी जून ते सप्टेंबर गनाशवरच काम भागवावं, असं माझं मत आहे. गनाशचा वाकडा केकही देखणा दिसतो.

फुलांनी सजवायचा मोह होतो. गुलाबाच्या पाकळ्या, तेही फवारणी न केलेल्या, एवढंच ठीक. कण्हेरीचं फूल दिसायला सुरेख असतं आणि दारात असतं, पण कण्हेर विषारी आहे. ती केकच्या जवळसुद्धा आणू नका.

आता पोचवणं. मे महिन्यातला तो खोका मी विसरलेली नाही, म्हणून नियम केला आहे. मजले वेगवेगळ्या खोक्यांत जातात आणि जोडणी गिऱ्हाइकाच्या घरी होते. काड्या घरीच रोवलेल्या असतात. तिथं गेल्यावर खळग्यात थोडं गनाश लावायचं, वरचा मजला दोन उलथन्यांवर उचलून सोडायचा, आणि एक लांब, टोक काढलेली काडी वरून मधोमध ठोकायची. ती वरच्या चकतीच्या भोकातून थेट खालच्या केकमध्ये जाते, म्हणजे कुणी टेबल ढकललं तरी वरचा मजला सरकत नाही. तिचं वरचं टोक उंच ठेवू नका, केकमध्ये दडलं पाहिजे. सांध्यावर फॉन्डंटच्या मण्यांची माळ लावली की खळगा दिसत नाही. वीस मिनिटांचं काम. खोका मांडीवर घेऊ नका, मांडी तिरकी असते. गाडीच्या सपाट जागेवर, खाली रबरी चटई टाकून ठेवा. केकखालच्या पाटीबद्दलही सांगते. आमची प्लायवूडची असते, १२ मिलिमीटर जाड, वरून फॉइलनं झाकलेली. साधा पुठ्ठा साडेतीन किलोला वाकतो, आणि पाटी वाकली की काड्याही कलतात.

पैशाचं बोलू या. सुरुवातीला आम्ही वाकडा केकही किलोच्या भावानं विकला, पाचशे रुपये किलो. साडेतीन किलोचे साडेसतराशे. एकीनं वहीत सगळं लिहून काढलं तेव्हा डोळे उघडले. मागच्या ऑर्डरचा हिशेब वाचते, तुमच्याकडं भाव वेगळे असतील. बटर पाऊण किलो ४३०, अंडी पंधरा १००, मैदा आणि साखर ७०, चॉकलेट आणि क्रीम ३९०, फॉन्डंट ४००, पाटी, काड्या, खोके आणि रंग मिळून २००, गॅस ६०. झाले १६५०. दोघींचे तीन दिवसांत मिळून बारा तास. तासाला साठ रुपये धरले तर ७२०. गाडीचे १००. एकूण २४७०. म्हणजे साडेसतराशेला विकून आम्ही सामानाचे पैसे काढले आणि बारा तास जवळजवळ फुकट राबलो. खूश मात्र होतो, ऑर्डर मिळाली म्हणून.

आता दोन मजली वाकडा केक साडेतीन हजारांच्या खाली आम्ही घेत नाही. निम्मे आगाऊ. गिऱ्हाईक म्हणतं, “किलोला पाचशेच तर आहे ना?” तेव्हा मी सांगते, किलोचा भाव केकचा, वरचे पैसे रचनेचे. साडी विकत घेतली तरी फॉल-बिडिंगचे पैसे आपण वेगळे देतो की नाही? हे बायकांना लगेच पटतं. पुरुषांना थोडा वेळ लागतो. आणि हो, खाद्यपदार्थ विकताना एफएसएसएआयची नोंदणी लागते, घरातून विकत असलो तरी. गटानं केली नसेल तर ते काम आधी उरका.

नुकसान कुणाचं, यावरही आम्ही ठराव केला. नवा प्रकार घ्यायचा असेल तर आधी बैठकीत विचारायचं आणि पहिला केक गटाच्या खर्चानं गटासाठीच करायचा. तो मोडला तर आपणच खाऊ. आमचा तसा पहिला केक एका बाजूनं फुटला होता, खळग्याची भिंत पातळ झाली म्हणून. खाल्ला सगळ्यांनी.

शेवटी कापायचं कसं, कारण हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसतं आणि ते आपण सांगायचं असतं. पोराच्या हातात सुरी देऊन वरच्या मजल्याला एक काप घेऊ द्या, फोटो होऊ द्या. मग वरचे मणी काढून मधली लांब काडी चिमट्यानं ओढून घ्या. वरचा मजला चकतीसकट उचलून बाजूला ठेवा. त्यानंतर खालच्या मजल्यातल्या चार काड्या काढा. काड्या काढल्याशिवाय खालच्या मजल्याचा एकही तुकडा कुणाच्या ताटात जाता कामा नये, लहान पोरांच्या तर नाहीच. आम्ही खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहितो, ‘आत पाच काड्या आहेत, मोजून काढा.’ आणि शक्य असेल तिथं मी स्वतः थांबते, काड्या मोजून रुमालात गुंडाळते आणि मगच निघते.

मागच्या डिसेंबरात त्याच आजींकडून पुन्हा फोन आला. नात झाली होती, तिचं बारसं होतं. त्या म्हणाल्या, “वाकडाच कर, पण या वेळी इथं येऊन कर.” मी सकाळच्या एसटीनं दोन खोके घेऊन गेले. ओट्यावर जोडला, काड्या मोजल्या, पाच भरल्या.